जिनिंगच्या जागेवर घर कुणाचं?

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावात जुन्या जिनिंगच्या भिंतीवर मोठा फ्लेक्स लागला. वन बीएचके, टू बीएचके, रस्त्याच्या बाजूला दुकानगाळे आणि मागच्या कोपऱ्यात 'ज्येष्ठ नागरिकांसाठी सुसज्ज निवास'. फ्लेक्सवर पांढऱ्या केसांचं एक हसरं जोडपं बाकड्यावर बसलेलं आहे. मागं हिरवळ, कारंजं. गावाचं आणि बिल्डरचं नाव मी इथं लिहीत नाही. व्यवहार अजून कच्चा आहे आणि मुद्दा एका मालकाचा नाही.

माझी फुफी त्या जिनिंगमध्ये तीसेक हंगाम राबली. आता तिनं सत्तरी ओलांडली आहे, तिला वाचता येत नाही. दवाखान्यातून परतताना तिनं रिक्षा थांबवायला लावली आणि मला फ्लेक्स वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. ती थोडा वेळ त्या हसऱ्या जोडप्याकडं बघत राहिली. मग विचारलं, "हमना रखतें क्या वहाँ?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री घरी येऊन जुनी कागदपत्रं काढली, दादांच्या आठवणी अब्बांना पुन्हा विचारल्या. लक्षात आलं, की फुफीचा प्रश्न आमच्या घरात तिसऱ्यांदा विचारला जातोय. कारखाना बंद झाला की मालकाची जमीन उरते. कामगाराचं काय उरतं?

रुई गेली, सरकी उरली

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. शेतातून येणारा कापूस म्हणजे रुई आणि सरकी एकत्र. जिनिंगमध्ये चामड्याच्या रुळावर कापूस चढतो, पात्याजवळ तंतू ओढला जातो आणि सरकी खाली पडते. मोजमाप ढोबळ सांगायचं तर १०० किलो कापसातून ३४-३५ किलो रुई निघते. ती पुढं प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गठाण बांधतात. गठाण गिरणीला जाते, सरकी तेलघाण्याला. मशिनीत कापूस टाकायचं काम बहुतेक बायकांचं, गठाणी उचलायचं हमालांचं. आमच्या जिनिंगमध्ये बायका मोमीन, बागवान, मांग, महार, वंजारी अशा सगळ्या जातींच्या होत्या. फुफी सांगते, संध्याकाळी घरी निघताना सगळ्यांच्या भुवया एकसारख्या पांढऱ्या व्हायच्या, तेव्हा कोण कुणाची ते ओळखू यायचं नाही.

बीड जिल्हा एके काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हातमागाचं विणकाम इथल्या मोमीन वस्त्यांमधून चालायचं. बीड शहराच्या चामड्याच्या छागली लांबवर प्रसिद्ध होत्या. पण मोठी कापडगिरणी जिल्ह्यात आली नाही. आमचा कापूस कच्चाच बाहेर गेला. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डूवाडीजवळून बार्शीपर्यंत आली आणि १९११ साली ती लातूरला पोचली. जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा माल बैलगाडीनं त्या लोहमार्गाकडं जायचा. कापसामागोमाग माणसंही गेली. त्यांची वाट सोलापूरची होती.

दादांची जुनी मिल

सोलापूर तेव्हा ब्रिटिश मुलखात होतं. १८७७ साली तिथं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. मुंबईचे शेठ मोरारजी गोकुळदास यांनी ती उभारली. नंतर लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू अशा गिरण्या आल्या आणि पहिली गिरणी 'जुनी मिल' झाली. तेलंगणातून पद्मशाली आले, आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून मराठे, धनगर, दलित, लिंगायत आले आणि मुसलमानही आले. आमचे मरहूम दादा त्यांतलेच एक. हद्द ओलांडून ते निजामाच्या रयतेतून इंग्रजांच्या रयतेत गेले आणि जुन्या मिलच्या साच्यावर उभे राहिले.

दादा सोलापूरच्या मार्शल लॉच्या गोष्टी सांगायचे. ते गेले तेव्हा घटना होऊन काही वर्षं उलटली होती, पण गिरणगावात ती रोज सांगितली जात होती. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, काही दिवस शहरावर इंग्रजांचा ताबाच उरला नाही. मग लष्करी कायदा लागू झाला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिलं गेलं. कुर्बान हुसेन 'गजनफर' नावाचं पत्र काढायचे, गिरणी कामगारांमध्ये काम करायचे. वय विशीच्या आसपास. सोलापुरात चार हुतात्मा चौक आहे, तिथं दरवर्षी हार पडतात. आपण मुसलमान मंडळी या नावाचा उल्लेख स्वातंत्र्यलढ्यातल्या आपल्या वाट्याचा पुरावा म्हणून करतो. ते योग्यच आहे. पण कुर्बान हुसेन कामगारांचेही होते, हे सांगायला विसरतो.

१९४८ चा सप्टेंबर आला. पोलीस ॲक्शन झाली. मराठवाड्यातल्या मुसलमानांवर त्या काळात काय गुजरलं, ते पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात नोंदलेलं आहे. त्याबद्दल इथं लांबण लावत नाही. दादांना गावची खबर महिनाभर मिळाली नाही. ते सुटी टाकून आले, घरचे जिवंत बघितले आणि परत कामावर गेले. वर्षही झालं नाही, तोच २७ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या मिलचे दरवाजे बंद झाले. कारण मंदी नव्हती. कंपनीचा कारभार बिघडला होता.

कोर्टात भागधारक होता, साचेवाला नव्हता

पुढचा भाग कायद्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो, कामगारांच्या नातवंडांना क्वचितच. हजारो माणसं बेकार झाली म्हणून केंद्र सरकारनं जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला. नंतर त्याचा कायदा झाला. देशाची राज्यघटना तेव्हा नुकतीच अमलात येत होती. एक भागधारक, चिरंजितलाल चौधरी, सर्वोच्च न्यायालयात गेले. एकाच कंपनीसाठी कायदा करणं हा समानतेचा भंग आहे, माझी मालमत्ता हिरावली जातेय, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयानं बहुमतानं ते फेटाळलं. पण तीन वर्षांनी, डिसेंबर १९५३ मध्ये, द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं उलट निकाल दिला. नुकसानभरपाई न देता गिरणी ताब्यात घेणं घटनाबाह्य आहे, असं ठरवलं. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीला जी कारणं घडली, त्यांत हा निकालही होता.

हे दोन्ही निकाल मी वाचले आहेत. त्यांत मालमत्तेवर पानंच्या पानं आहेत. शेअर म्हणजे मालमत्ता का, ताबा म्हणजे मालकी का, व्यवस्थापन काढून घेणं म्हणजे हिरावणं का. युक्तिवाद बुद्धिमान आहेत. कामगारही त्यात येतात. गिरणी बंद पडल्यानं बेकारी झाली, समाजाचं नुकसान झालं, असे येतात. पण साच्यावरची जागा ही त्या कामगाराची काही असते का, हा प्रश्न कुणी कोर्टापुढं ठेवलेलाच नव्हता. न ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर न्यायाधीश देणार कसं? यात त्यांचा दोष नाही. कायद्याच्या डोळ्याला तेव्हा जमीन दिसत होती, यंत्र दिसत होतं, शेअर दिसत होता. वीस वर्षांची हजेरी दिसत नव्हती.

चालू-बंद होत ती गिरणी अखेर कायमची थांबली. तिच्या आवारात आज घरं आहेत, वसाहत आहे. पत्ता सांगताना सोलापूरकर अजून 'जुनी मिल कंपाउंड' म्हणतात. म्हणजे कारखान्याच्या जागेवर घरं उठणं ही आमच्यासाठी नवी गोष्ट नाही. दादांच्या साच्याच्या जागी आता कुणाचं तरी स्वयंपाकघर असेल. त्या घरातल्या माणसाशी माझं काही भांडण नाही. त्यानं पैसे मोजलेत.

पण मग सोलापूरच्या कष्टकऱ्यांना घरं कुठं मिळाली? कुंभारीत. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायका वर्षानुवर्षं लढल्या. गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत झाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३०,००० घरांची योजना आली, त्यातली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. विड्या वळणाऱ्या हजारो तेलुगू आणि मुसलमान बायकांच्या नावावर घर झालं, ही मोठी गोष्ट आहे. ज्यांना ती छोटी वाटते त्यांनी भाड्याच्या खोलीत चार पोरं वाढवून बघावीत. तरी नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट टोचते. गिरण्यांच्या जागा शहराच्या पोटात आणि कामगारांची घरं शहराबाहेरच्या माळावर.

मुंबईनं लिहिलेला आणि खोडलेला नियम

मुंबईत हाच प्रश्न मोठ्या आकड्यांत आला. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाची अधिकृत सांगता आजवर झाली नाही, असं गिरणगावात अजून म्हणतात. मदनपुऱ्यातले मोमीन विणकर, लालबाग-परळचे कोकणी आणि घाटी कामगार, सगळे त्यात होरपळले. कापड भिवंडीच्या मागांकडं सरकलं. उरली सुमारे ६०० एकर जमीन, ५८ गिरण्यांची.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा असेल, तर ढोबळमानानं एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. मला या नियमामागचा विचार फार महत्त्वाचा वाटतो. कारखान्याच्या जागेला घराच्या जागेचा भाव कशानं येतो? मालकाच्या मेहनतीनं येत नाही. सरकार वापर बदलायची परवानगी देतं, भोवती रस्ते, पाणी, शाळा शहरानं उभ्या केलेल्या असतात, म्हणून येतो. सही लोकांच्या वतीनं होते, तर वाढलेल्या भावात लोकांचाही वाटा हवा. साधा हिशेब आहे.

२००१ साली तो हिशेब बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, असा नियम झाला. गिरणी म्हणजे बहुतांश बांधकामच, मोकळी जागा ती किती असणार? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथं २००५ मध्ये नियमाचा अर्थ लोकांच्या बाजूनं लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. एका शब्दाच्या फरकानं म्हाडाचा आणि मैदानांचा वाटा आटला.

तरीही कामगार थांबले नाहीत, म्हणून काही घरं मिळाली. २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. घराची किंमत साडेसात लाख रुपये. ज्यांची गिरणी सुटली तेव्हा चाळिशी होती, ते सोडतीच्या दिवशी सत्तरीला टेकले होते. कित्येक अर्ज विधवांच्या आणि वारसांच्या नावानं होते. घराची मागणी हळूहळू म्हातारपणाची मागणी होऊन गेली होती.

'आपल्यात वृद्धाश्रम नसतो'

आता परत आमच्या जिनिंगकडं. ती बंद का पडली? १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. सरकार कापूस घ्यायचं आणि गावोगावच्या जिनिंगना काम मिळायचं. ती योजना नव्या शतकाच्या सुरुवातीला मोडली. शहराबाहेर मोठ्या जागेत नव्या, आपोआप कापूस ओढणाऱ्या जिनिंग आल्या. गावाच्या मधोमध अडकलेल्या जुन्या जिनिंगला ट्रक वळायला जागा नव्हती, पण जमिनीला भाव होता. ती बंद पडणं फायद्याचं ठरलं.

फुफीला काय मिळालं? ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ साली झाला. कायम कामगाराला वर्षामागे १५ दिवसांचा पगार, हंगामी कारखान्यातल्या कामगाराला हंगामामागे ७ दिवसांचा. तीस हंगामांचे २१० दिवस होतात. तेवढेही मिळाले नाहीत, कारण तिचं नाव कारखान्याच्या मस्टरवर नव्हतं, मुकादमाच्या वहीत होतं. वही कुठं गेली, ते मुकादमाच्या पोरांनाही माहीत नाही.

मी हा विषय शुक्रवारी नमाजनंतर मित्रांमध्ये काढला. म्हटलं, जागा बदलतेय, वृद्धांसाठी निवास होतोय, तर तिथं राबलेल्या बायकांसाठी काही खाटा मागू या. एक बुजुर्ग रागावले. "आपल्यात आई-बापाला आश्रमात टाकत नसतात. आपण काय मागायला जातोय?"

त्यांच्या रागाचा मला आदर आहे. आई-बापाची खिदमत मक्तबमध्ये पहिल्यांदा शिकवतात. पण आपण खरं बोलू या. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीला गाड्या भरतात आणि लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागं गावात उरतात म्हातारे आणि शाळेची पोरं. आपल्या मोहल्ल्यातली तरणी पोरं पुण्यात, भिवंडीत, आखातात. ती बेपर्वा नाहीत. पैसे पाठवतात, रोज व्हिडिओ कॉल करतात. पण व्हिडिओ कॉलवरून कुणी म्हातारीला हाताला धरून संडासात नेऊ शकत नाही. मग ते कोण करतं? एखादी सून, एखादी तलाक घेऊन आलेली लेक, जिची स्वतःची मजुरी बुडते. 'आपल्यात नसतं' या वाक्याचा भार तिच्या एकटीच्या खांद्यावर असतो. आमच्या घरात तो माझ्या बायकोच्या खांद्यावर आहे. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

आणि आपल्यात खरंच नव्हतं का? औरंगाबादची पाणचक्की सगळ्यांनी पाहिली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीला बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहशी जोडून ती उभी राहिली. हर्सूलकडून मातीच्या नळांनी पाणी आणलं, त्या पाण्यावर दगडी जातं फिरवलं आणि पीठ खानकाहच्या लंगरसाठी दळलं. फकीर, मुसाफिर, शिकणारी मुलं, ज्यांना घर नाही असे सगळे तिथं जेवायचे. एकाच आवारात यंत्र होतं आणि आसराही होता. यंत्राचं उत्पन्न आसऱ्यासाठी होतं. आपण पाणचक्कीला सहलीचं ठिकाण करून टाकलं. राज्याच्या वक्फ मंडळाचं कार्यालयही त्याच आवारात आहे. वक्फच्या जागांवर दुकानगाळे काढायला आपल्या मुतवल्लींना सुचतं, दिवसभर म्हाताऱ्यांना बसता येईल, औषध-पाणी मिळेल अशी एक खोली काढायला सुचत नाही. बिल्डरकडं बोट दाखवताना ही आपली बाजूही बोलली पाहिजे.

मागणी काय?

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम आणि त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय, अशी तरतूद आहे. पण राज्य सरकार तो 'स्थापन करू शकेल' असं म्हटलंय, 'करील' असं नाही. मुलांवरची जबाबदारी बंधनकारक, सरकारची मर्जीवर. सोलापूरच्या कोर्टापासून मुंबईच्या नियम ५८ पर्यंत मला हेच दिसतं. कष्टकऱ्याच्या वाट्याचा शब्द नेहमी मऊ असतो.

म्हणून आमच्या गावापुरत्या तीन गोष्टी आम्ही नगर परिषदेकडं लेखी मागणार आहोत. जागेचा वापर औद्योगिकचा निवासी करून देण्याआधी, जिनिंगमध्ये काम केलेल्यांची यादी करावी. मस्टर नसेल तर शेजारच्यांची साक्ष धरावी. आवारातल्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या हमालांच्या आठ घरांना त्याच जागेवर घर द्यावं, गावाबाहेर नाही. आणि ज्येष्ठांच्या निवासातल्या काही खाटा, तसंच दिवसा येऊन-जाऊन राहता येईल अशी एक खोली, त्या यादीतल्या लोकांसाठी मोफत ठेवावी. परवानगीच्या कागदावर हे अट म्हणून लिहावं, आश्वासन म्हणून नाही. मशिदीच्या आवारातली बंद खोली दुरुस्त करून तिथं दुपारचा दवाखाना चालवायचं आम्ही जमातीत बोललो आहोत. रागावलेल्या बुजुर्गांनीच पत्र्याचे पैसे दिले.

यादीचं काम मागच्या रविवारी सुरू केलं. वही घेऊन फुफीजवळ बसलो. मला वाटलं, तिला दहा-बारा नावं आठवतील. ती मशिनींच्या क्रमानं सांगत गेली, पहिल्या मशिनीवर कोण, दुसरीवर कोण, कुणाचं बोट गेलं, कुणाचं पोर कापसाच्या ढिगावर झोपायचं. एकूण ४३ नावं झाली. त्यांतल्या १९ जणी हयात आहेत.

मुकादमाची वही हरवली असेल. ही वही आम्ही जपून ठेवली आहे.